अंगावर काढलेलं दुखणं

(बीड येथील स्मृती व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रार्थना झाली की मुलांची नखं आणि बोटांच्या बेचक्या पाहायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. खरूज झालेल्या पोराला त्यांनी कधी वेगळं बसवलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईला औषध समजावून सांगितलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर त्वचेच्या रोगांविषयी बोलायला मला बोलावलं, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे.

त्वचारोगतज्ज्ञ म्हटलं की आता लोकांना चेहरा उजळण्याची क्रीम, लेझर आणि केसांचं रोपण आठवतं. तीही आमचीच कामं आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण आपल्या जिल्ह्यात सकाळी दवाखान्याच्या बाकावर जी माणसं येऊन बसतात त्यांची दुखणी वेगळी असतात. गजकर्ण, खरूज, इसब, चिखल्या, नागीण, अंगावर उठणाऱ्या गांधी, शिबं, चाई, कोड, आणि अधूनमधून महारोग. यातलं बहुतेक दुखणं माणसानं महिनोन् महिने अंगावर काढलेलं असतं. लाज वाटते म्हणून, रोज बुडतो म्हणून, खाजेनं कोणी मरत नाही म्हणून. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्यावर बरेच इलाज होऊन गेलेले असतात. या मधल्या काळात काय बिघडतं आणि ते सावरायचं कसं, हा माझा आजचा विषय.

माझं सगळं शिक्षण अंबाजोगाईला झालं. १९७४ साली सुरू झालेलं तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. त्याच्या उभारणीसाठी डॉ. व्यंकटराव डावळे यांनी उपसलेले कष्ट या भागातली जुनी माणसं आजही सांगतात. मुंबई-पुण्यात शिकलेला डॉक्टर खेड्यात येत नाही, तर डॉक्टर घडवण्याची जागाच खेड्यांच्या मध्ये आणून ठेवावी, हा त्यामागचा विचार होता. मला तो आजही पटतो. मी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जे पाहिलं, ते मोठ्या शहरात शिकले असते तर वाट्याला आलं नसतं.

एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी. आमच्या पदवीत त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग म्हणजेच महारोग, हे तिन्ही विषय एकत्र आहेत. ही जोडणी जुनी आहे. डॉ. यू. बी. नारायणराव यांनी १९३५ साली मुंबईतून गुप्तरोगांवरचं एक नियतकालिक सुरू केलं. तेच वाढत वाढत देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांचं मुख्य नियतकालिक झालं. १९७३ साली दोन संघटना एक होऊन आमची आजची अखिल भारतीय संघटना झाली. माणूस ज्या दुखण्यांविषयी बोलत नाही, ती सगळी एकाच डॉक्टरच्या वाट्याला आली आहेत. म्हणून ऐकून घेणं हा आमच्या विद्येचा निम्मा भाग आहे.

उरलेला निम्मा भाग पाहण्याचा. आमच्या शाखेत रक्ताच्या तपासण्या कमी लागतात, उजेड जास्त लागतो. मी तपासायची खाट खिडकीला लागून ठेवली आहे, कारण ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा दिसत नाही. बाई येते, हातावरचा एक चट्टा दाखवते आणि पदर ओढून घेते. पडदा लावला, सिस्टरला जवळ उभं केलं आणि "मावशी, कमरेला काही आहे का?" असं विचारलं, की मग खरं दुखणं दिसतं. चट्ट्याच्या कडेला हात लावून पाहायचं. कड उंचावलेली आहे का, मधली जागा निवळत चालली आहे का, त्वचा कोरडी आहे की चिकट. शंका आली तर ब्लेडनं कडेचा कोंडा हलकेच खरवडून काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशींच्या वीटकामातून आडव्यातिडव्या गेलेल्या बुरशीच्या तारा दिसल्या की निदान पक्कं. मी तो सूक्ष्मदर्शक पुष्कळदा पेशंटलाच डोळा लावून पाहायला सांगते. आपल्या अंगावर जिवंत बुरशी आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस औषध मध्येच सोडत नाही.

मग माझा नेहमीचा प्रश्न असतो, आत्तापर्यंत काय काय लावलं? एकानं कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली होती. शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या, पार पिळून काढलेल्या ट्यूबा. नावं निरनिराळी, पण पाठीमागची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेकींत तेच मिश्रण होतं: क्लोबेटासोल, ओफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. एक जबरदस्त स्टेरॉइड, एक जंतूंवरचं, एक आमांशाच्या जातीच्या रोगांवरचं आणि एक बुरशीवरचं. दुखणं कोणतंही असो, काहीतरी लागू पडेल अशा हिशेबानं केलेली ही मोट आहे. तो म्हणाला, "लावली की दोन दिसांत आग थांबती डॉक्टर, सोडली की दुप्पट उठती."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबून टाकतं, त्यामुळे आराम पडतो. पण खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली झटापट असते. ती झटापट थांबली की बुरशीला रान मोकळं मिळतं. गोल, रेखीव कडेचं गजकर्ण पसरट आणि वेडंवाकडं होतं, कड हरवते, ओळखूच येत नाही. अशा गजकर्णाचं वर्णन आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ सालीच केलेलं आहे. तेव्हा ते नवलाचं होतं. आज आपल्याकडे ट्यूब न लावलेलं, मूळ रूपातलं गजकर्ण शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचं तर शोधावं लागतं.

पुढची पायरी आणखी वाईट आहे. मांडीच्या सांध्यात, काखेत रोज क्लोबेटासोल चोळलं की त्वचा कागदासारखी पातळ होते. गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तसे, पण त्याहून रुंद आणि लाल ओरखडे पडतात, आणि ते पुन्हा जात नाहीत. बारावीतली मुलगी वांगासाठी किंवा मुरमांसाठी हीच ट्यूब तोंडाला लावते. सुरुवातीला चेहरा उजळतो, घरातले कौतुक करतात. मग उन्हात पाय ठेवला की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, मुरमं दुप्पट होतात. ट्यूब बंद केली की काही आठवडे चेहरा धुमसतो. मुलगी घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावते. यातून एखाद्या मुलीला बाहेर काढायला मला कितीतरी महिने लागतात, आणि त्यातला बराच वेळ धीर देण्यात जातो.

स्टेरॉइड मलम हे मुळात वाईट औषध नाही. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट त्वचेवर लावून इसब बरं होतं हे दाखवलं, तो आमच्या शास्त्रातला मोठा टप्पा होता. लहान बाळाच्या गालावरचं इसब, सोरायसिसचे जाड थर, गवताची ॲलर्जी यांत आजही ते हवंच. पण कोणतं, कुठं, किती दिवस आणि किती, हे ठरवल्याशिवाय नको. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. हे माप मी प्रत्येकाला माझ्या बोटावर मलम काढून दाखवते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून १४ स्टेरॉइड मलमांना असलेली सूट रद्द केली आणि ती शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या संघटनेनं त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. कायदा झाला, पण तालुक्याच्या बाजारात चिठ्ठी मागणारा दुकानदार अजून विरळाच. इथं बसलेल्या मेडिकलवाल्या बांधवांना मी हात जोडून सांगते: गजकर्णाला द्यायचीच असेल तर एकच औषध असलेली, स्टेरॉइड नसलेली बुरशीची ट्यूब द्या आणि आठवड्यात फरक नाही पडला तर दवाखान्यात धाडा. तुमचं गिऱ्हाईक तुटणार नाही.

गेल्या दशकभरात गजकर्ण एवढं का माजलं, याचं एक कारण बुरशीतही आहे. आपल्याकडे आज जी जात सर्वत्र आढळते तिला २०२० साली जपानी संशोधकांनी नवं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या त्वचेवर ती सापडली होती. तिच्यातल्या काही वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमवर काम करतं त्याचीच घडण बदललेली असते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन पेशंट सापडले तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं त्याची जाहीर नोंद घेतली. त्यामुळे गोळ्या सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त द्याव्या लागतात, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही थोडे दिवस चालू ठेवाव्या लागतात. त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, लिव्हर आणि इतर औषधं पाहून.

नुसत्या गोळ्यांनी मात्र भागत नाही. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेला करदोडा असतो. तो घामानं भिजतो, आंघोळीनंतरही ओला राहतो, आणि बुरशी त्याच्या पिळात टिकून राहते. मी म्हाताऱ्या माणसाला करदोडा काढ म्हणून सांगत नाही. बदला, धुऊन उन्हात वाळवा, उपचार चालू असेपर्यंत सैल बांधा, एवढं सांगते. ते ऐकतात. नवरा-बायकोचा, भावाभावांचा टॉवेल वेगळा करा म्हटलं की मात्र अडचण येते, कारण घरात टॉवेलच दोन असतात. जीन्स आठवडाभर न धुता घालणाऱ्या पोरांनाही हेच सांगावं लागतं.

कमरेचा विषय निघाला आहे तर एक महत्त्वाची गोष्ट सांगते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम केलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य. त्यांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखात धोतर आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. एकाच जागी वर्षानुवर्षं घर्षण, घाम, मळ. त्वचा काळी पडते, चिरते, भरते, पुन्हा चिरते, आणि एखाद्याच्या बाबतीत त्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग निपजतो. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेवरच्या अशाच जखमांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. एक परकराची नाडी आवळून बांधायची, दुसरी आयुष्यभर लुगडं घट्ट नेसायची. हे क्वचित होतं, सर्वांनी घाबरून जाण्याचं कारण नाही. पण उसाच्या फडात दिवसभर वाकून तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या बाईला नाडी सैल बांधून चालत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांना बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांगते, गाठ एक दिवस डाव्या, एक दिवस उजव्या बाजूला, आणि रात्री कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, आल्यावर परकर सैल. महिनाभर न भरलेली कमरेची जखम मात्र दाखवायलाच हवी.

ऊसतोड हा आपल्या जिल्ह्याचा मोठा रोजगार आहे, आणि त्वचेच्या डॉक्टरला तो अंगावर वाचता येतो. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, मानेवर आणि दंडांवर टोचलेली कूस, तिनं उठलेलं पुरळ, टाचांच्या खोल भेगा, कोयत्याच्या मुठीनं तळव्यावर पडलेले घट्टे. साखरपट्ट्यात पाण्याची गंगा वाहते, पण तोड करणाऱ्यांच्या कोप्यांवर आंघोळीचं पाणी दूरवरून आणावं लागतं. पहाटे अंधारात फडावर जायचं, रात्री गाडी भरून यायचं, अशात बाईनं कधी आणि कोणत्या आडोशाला आंघोळ करायची? दिवसातून दोनदा स्वच्छ आंघोळ करा, हा सल्ला मी चिठ्ठीवर लिहीत नाही. अंगावरचे कपडे उलटे करून उन्हात वाळवता येतात, सांधे आणि बेचक्या ओल्या फडक्यानं पुसून कोरड्या करता येतात, खोबरेल तेलाचा हात फडावर जाण्याआधी दंडांना लावता येतो. जे करता येईल तेवढंच सांगावं.

खरुजेचं सगळं गणित घरावर अवलंबून आहे. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्या काळात माणूस खाजवत नसतो आणि तरी दुसऱ्याला लागण देत असतो. म्हणून खाजणाऱ्या एकट्या पोराला औषध दिलं तर पंधरवड्यात तो पुन्हा दारात उभा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं, मग खाज असो वा नसो. परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, स्तनांखाली, कमरेला. रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं, कपडे आणि वाकळा गरम पाण्यात किंवा कडक उन्हात, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा तसंच. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. हे आधी सांगितलं नाही तर लोक औषध खोटं समजतात आणि रोज मलम लावून त्वचा भाजून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. आई-बाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या मुलांसाठी आपल्याकडे हंगामी वसतिगृहं चालतात. तिथं एका मुलाच्या बेचक्यांत पुरळ दिसलं तर त्याला आजीकडे हाकलून देऊ नका. सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या.

नागिणीबद्दल थोडक्यात. तिनं कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस दगावतो, ही समजूत अजून घट्ट आहे, पण ती चुकीची आहे. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूच्या मुळाशी कांजिण्यांचाच विषाणू दबून राहतो आणि पुढे कधीतरी एकाच मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. प्रत्येक बाजूचा मज्जातंतू वेगळा, म्हणून पुरळ शरीराच्या मध्यरेषेशी थांबतं. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू केली तर फायदा सर्वांत जास्त. ते तीन दिवस आपल्याकडे गेरू लावण्यात आणि उतारा करण्यात जातात, आणि म्हातारपणी मागं राहणारी आग मग वर्षभर झोपू देत नाही. डोळ्याजवळ नागीण उठली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

बांधावरचं गाजरगवत सगळ्यांना माहीत आहे. १९५०च्या दशकात ते पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि बघता बघता देशभर पसरलं. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली या गवतानं होणाऱ्या त्वचारोगावर लेख लिहिला. तो त्या विषयातला पायाचा लेख मानला जातो. पन्नाशीचा शेतकरी पावसाळा संपता संपता येतो. पापण्या सुजलेल्या, कपाळ आणि मान काळवंडून जाड झालेली, शर्टाच्या उघड्या गळ्यापाशी लाल त्रिकोण, कोपराच्या घडीत चिघळलेलं. "उन्हानं होतंय" म्हणतो. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यानं उडून उघड्या त्वचेवर बसतात. पार्थेनिन नावाच्या द्रव्याची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही. गवत फुलोऱ्यात येण्याआधी, ओल्या जमिनीतून, मुळासकट उपटावं, आणि ज्याला त्रास आहे त्यानं मुळीच उपटू नये. १९८४ साली बंगळुरूत मेक्सिकन भुंगे आणून सोडले, ते गवताची पानं खातात, आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतात. पण मोकळी पडीक जागा राहिली की गवत येतंच. ग्रामपंचायतीनं शाळेभोवतीचं आणि पाणवठ्यावरचं गवत आषाढातच काढलं तर ते कोणत्याही मलमापेक्षा मोलाचं काम होईल.

आता कोड. कोड लागट नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. स्पर्श, घाम, केस, ताकद सगळं शाबूत असतं. बावचीचा उपयोग आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता, आणि बावचीतल्या सोरालेन या द्रव्यातूनच पुढे प्रकाशोपचाराची एक शाखा निघाली. पण बावचीचं तेल लावून भर उन्हात बसलेल्या पोरींच्या अंगावर आलेले फोड मी पाहिले आहेत. आज टॅक्रोलिमससारखी मलमं आहेत, मोजून देता येणारा अतिनील प्रकाश आहे, डाग वर्षभर स्थिर असतील तर त्वचारोपणही होतं. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या माणसांसाठी 'श्वेता असोसिएशन' उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६चा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर आहे. तो आपल्या गावागावांत दाखवायला हवा, विशेषतः लग्न जमवणाऱ्या मंडळींना. मुलीच्या ओठावर डाग आला म्हणून तिचं शिक्षण थांबवून घाईनं दूरच्या स्थळी देऊन टाकलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

शेवटचा विषय महारोगाचा. त्यात मराठी माणसाचा इतिहास गुंतलेला आहे. १८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांनी कडूकवठाच्या जातीच्या झाडाच्या बियांचं तेल महारोगावर वापरून पाहिलं, आणि त्यांच्याकडे लांबून रोगी येत. औषधाचा तपशील त्यांनी लगेच उघड केला नाही, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. भाऊ दाजींविषयी मला अपार आदर आहे, तरीही ती टीका मला योग्य वाटते. रोग्याच्या अंगात काय जातंय हे दुसऱ्या डॉक्टरला कळलंच पाहिजे. आज बिनलेबलाच्या डबीत 'गुप्त औषध' विकणाऱ्यांनाही तोच नियम लागू आहे. त्याच कॉलेजात हेन्री कार्टर शिकवत. शरीररचनेच्या जगप्रसिद्ध 'ग्रेज ॲनाटमी'तली चित्रं त्यांची. त्यांनी मुंबईत महारोगाचा बारकाईनं अभ्यास केला, नॉर्वेला जाऊन हॅन्सनचं काम पाहिलं. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरला १८७३ साली महारोगाचा जंतू दिसला होता. पुढे दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे यांनी टाकून दिलेल्या माणसांना घर दिलं.

आज कोणाला घर सोडायची गरज नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्रित बहुविध औषधोपचार सुचवला, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर पाकिटातल्या गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच माणूस दुसऱ्याला लागण देण्याजोगा राहत नाही. १८९८चा महारोग्यांना डांबणारा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ साली महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून काढून टाकलं. २००५च्या अखेरीस देशात रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, तेव्हा 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला, पुष्कळ डॉक्टरांनीही. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अजून भारतात सापडतात.

फिकट किंवा तांबूस चट्टा, खाज नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही. त्रास नसतो म्हणूनच तो अंगावर काढला जातो. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं स्पर्श करायचा आणि कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगायचं. एक बाई बोटांच्या टोकांवरचे फोड घेऊन आली होती. भाकरी उलटताना तवा लागायचा आणि तिला कळायचं नाही. कोपराच्या मागची नस हाताला दोरीसारखी जाड लागली. उपचारातल्या क्लोफॅझिमिननं त्वचा तांबूस-काळी होते, आणि लोक विचारतील या भीतीनं बायका गोळ्या सोडतात. औषध थांबल्यावर काही महिन्यांत रंग परत येतो, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं.

आणि इथंच आपल्या जिल्ह्याची खरी अडचण आहे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. महिन्याचं पाकीट महिन्यालाच द्यायचं म्हटलं तर तोडीला गेलेल्या माणसाचा उपचार अर्ध्यावर तुटतो. बधिर हातात कोयता असेल तर बोट जायला वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत यावर उपाय दिलेला आहे. जो माणूस स्थलांतर करणार, त्याला पूर्ण कोर्स एकदम हातात द्यावा आणि त्याच्या ओळखीचा एक माणूस रोजच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायला नेमावा. तो माणूस टोळीतला असावा, बायको असली तर उत्तम, मुकादम असला तरी चालेल.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. टोळ्या निघण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक उपकेंद्रावर जाणाऱ्या कुटुंबांची त्वचा तपासावी. पुरुषांची एका खोलीत, बायकांची दुसऱ्या खोलीत, पडद्याआड. खरूज असेल त्या टोळीला सगळ्यांपुरतं मलम सोबत द्यावं, महारोगाच्या रोग्याला पूर्ण कोर्स आणि हातमोजे, गजकर्णाच्या रोग्याला उरलेल्या आठवड्यांच्या गोळ्या आणि काय लावायचं नाही याची मोठ्या अक्षरातली चिठ्ठी. आशाताईंनी चट्टा ओळखायचं शिक्षण पुष्कळदा घेतलेलं आहे, त्यांना सोबत डॉक्टर हवा. या हंगामाआधी आमच्या तालुक्यातल्या काही गावांत मी आणि माझे सहकारी हे सुरू करतो आहोत. मुकादमांशी बोलणं झालं आहे, दोघांनी आपल्या टोळ्या घेऊन यायचं कबूल केलं आहे. सभागृहाच्या दाराशी वही ठेवली आहे. ज्या डॉक्टरांना, नर्सताईंना आणि मेडिकलवाल्यांना यायचं आहे त्यांनी नाव, गाव आणि कोणता रविवार देऊ शकता ते लिहावं.